गाडीतला फ्रीज आणि बांधणीचा हिशेब

प्रवासाच्या आदल्या दिवशी घरात जी धांदल उडते तिला मराठीत 'बांधाबांध' म्हणतात. शब्द जुना आहे आणि तो ज्या काळात रूढ झाला त्या काळात खरोखरच सर्व काही बांधले जात असे. वळकटीला दोरी, ट्रंकेला साखळी, फराळाच्या डब्याला फडके आणि बैलगाडीतल्या सामानावर आडवा दोर. आज सामान चाकांच्या बॅगेत बसते, बॅग डिकीत ठेवली जाते आणि डिकीचे दार बंद झाले की बांधाबांध संपली असे सर्वजण समजतात. वास्तविक त्या बंद दारामागे एकही वस्तू कशालाही बांधलेली नसते. गाडी चालते तोवर सामानही तिच्यासोबत चालते; गाडी अकस्मात थांबली, तर मात्र सामान थांबत नाही.

हा साधा नियम एका व्यापारी कुटुंबाला ऑस्ट्रेलियात नव्याने समजून घ्यावा लागला. निमित्त होते गाडीत बसवावयाच्या एका लहानशा फ्रीजचे.

कुटुंब मूळचे सांगलीचे. हळदीची अडत, दोन पिढ्यांची पेढी. वडिलांना घरात आणि बाजारपेठेत सर्वजण अण्णा म्हणत. मुलगा अभियंता होऊन पर्थला स्थायिक झाला. पेढीला पुढचा वारस उरला नाही, तेव्हा अण्णांनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी व्यवहार आटोपता घेतला आणि ते पत्नीसह सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेले. मुलाच्या मनात त्यांना पश्चिम ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग, म्हणजे किंबर्ली प्रदेश, दाखवावयाचा होता. पर्थहून ब्रूम सुमारे २,२०० किलोमीटर. तेथून डर्बी, आणि डर्बीपासून पूर्वेकडे जाणारा गिब रिव्हर रोड हा सुमारे ६६० किलोमीटरचा, बव्हंशी कच्चा रस्ता. मे ते ऑक्टोबर हा तिकडचा कोरडा हंगाम. एरवी पावसात नद्या रस्ता अडवतात. वाटेत पेट्रोलपंप आणि दुकाने मोजकी, आणि एका ठिकाणापासून दुसरे शेकडो किलोमीटर दूर.

अशा वाटेवर फ्रीज ही चैन नव्हे. अण्णांना दिवसातून दोनदा इन्शुलिन घ्यावे लागते. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. उष्णतेने ते निकामी होते आणि गोठल्यानेही होते. शिवाय जेवण घरचे, तेही सूर्यास्तापूर्वी. वाटेवरच्या उपाहारगृहांत शाकाहारी पदार्थ मिळणे कठीण, कांदा-बटाटा वर्ज्य असलेले तर दुर्मीळच. म्हणजे दही, ताक, पोळ्या, भाज्या आणि औषध असे सारे काही गाडीतच न्यावे लागणार. त्या देशात अशा प्रवासासाठी बारा व्होल्टवर चालणारे, कॉम्प्रेसर असलेले पेटीवजा फ्रीज सर्रास वापरले जातात. मुलाने तसाच एक, पन्नासेक लिटरचा, विकत आणला. रिकामा बावीस किलोचा, भरल्यावर चाळीस.

गाडी चारही चाकांना जोर देणारी, जुनी पण दणकट. तिसऱ्या रांगेची आसने काढून मागे जागा केलेली होती. मुलाने फ्रीज तेथे ठेवला आणि त्यावरून आकडे असलेल्या दोन लवचीक दोऱ्या ताणून बसवल्या. दुकानात अशा दोऱ्या मिळतात, त्या रंगीत असतात, हाताने ओढल्या तर घट्टही वाटतात. पहिल्याच रविवारी चाचणी म्हणून कुटुंब शहराबाहेर फेरफटक्याला गेले. एका चौकात पुढची गाडी एकाएकी थांबली आणि मुलाला जोरात ब्रेक दाबावा लागला. वेग फारसा नव्हता, कोणाला खरचटलेही नाही. पण मागे धप्प असा आवाज झाला. फ्रीज वीतभर पुढे सरकून मधल्या आसनाच्या पाठीवर आदळला होता. त्या आसनावर आठ वर्षांची नात बसली होती.

घरी येईपर्यंत अण्णा काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "त्या पेटीत काय काय असणार आहे?"

"तुमचं इन्शुलिन, दही, भाज्या. का, अण्णा?"

"माझं औषध पोरीच्या पाठीमागं असं मोकळं ठेवून मी कुठंही येणार नाही."

मुलाने समजूत घातली, की इथले लोक असेच हिंडतात, आसनाची पाठ भक्कम असते, शिवाय सरकपट्टी आणि पट्टे मागवलेच आहेत. अण्णांचे समाधान झाले नाही. सहलीचा बेतच बारगळतो की काय अशी वेळ आली. मुलाला वाटले, वयोमानाने वडील धास्तावले आहेत. वडिलांना वाटले, ज्याने कधी मालाची गाडी भरली नाही त्याला माल म्हणजे काय हे ठाऊक नाही.

दोघांचेही म्हणणे अर्धेच बरोबर होते, हे पुढच्या दोन शनिवारांत स्पष्ट झाले.

अण्णांनी उभ्या आयुष्यात हळदीच्या पोत्यांचे हजारो ट्रक भरताना पाहिले होते. हमाल थप्पी कशी लावतात, जड माल खाली आणि पुढच्या फळीला टेकवून का ठेवतात, ताडपत्रीवरून दोर कसा आवळतात, हे त्यांना मुखोद्गत होते. अनुभवी ड्रायव्हर सांगली सोडल्यावर दहा-पंधरा मैलांवर गाडी थांबवून दोर पुन्हा ओढून पाहत असे, कारण माल हादऱ्यांनी बसतो आणि दोर सैल पडतो, ही गोष्ट ते आवर्जून सांगत. लवचीक दोरीवर त्यांचा पहिला आक्षेप तोच होता. "जो दोर ताणला की लांबतो, तो दोर नव्हे. तो झोपाळा." आणि ते खरे होते. लवचीक दोरी हलके पांघरूण जागेवर धरू शकते. चाळीस किलोचे वजन धरू शकत नाही.

मुलाजवळ अनुभव नव्हता, परंतु गणित होते. त्याने कागद घेतला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय परिवहन आयोगाने माल बांधण्यासंबंधी एक मार्गदर्शिका काढली आहे. तिच्यानुसार बांधणी पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट, आडव्या आणि मागच्या दिशेने ०.५ पट, आणि वरच्या दिशेने ०.२ पट जोर सहन करणारी हवी. चाळीस किलोच्या फ्रीजसाठी हे आकडे अनुक्रमे ३२, २० आणि ८ किलो होतात. ही झाली रोजच्या रस्त्याची मागणी: जोरात दाबलेला ब्रेक, वळण आणि खड्डे. एवढ्यापुरता अण्णांचा दोरही पुरला असता.

पण धडकेचा हिशेब निराळा आहे. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने एखाद्या अचल वस्तूवर आदळली आणि तिचे नाक साठ सेंटिमीटर चेपून ती थांबली असे धरले, तर त्या क्षणभरात आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सरासरी सोळा पट जोर येतो. चाळीस किलोचा फ्रीज त्या क्षणी सुमारे ६४० किलोच्या जोराने पुढे झेपावतो. अण्णांनी हा आकडा आपल्या भाषेत उतरवून घेतला: साडेसहा क्विंटलला थोडे कमी. दुसऱ्या रीतीने पाहावयाचे तर त्या वेगातल्या फ्रीजमध्ये जेवढी ऊर्जा असते, तेवढीच तो जवळपास दहा मीटर उंचीवरून, म्हणजे सुमारे तीन मजल्यांवरून, खाली पडला तर असते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. आणि त्या प्रदेशातल्या मोकळ्या महामार्गावर ताशी ११० किलोमीटरची मुभा असते.

आसनाच्या पाठीचे काय? संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीतील १७ क्रमांकाच्या नियमात आसनांच्या पाठीची चाचणी सांगितली आहे. तिच्यात मागच्या जागेत प्रत्येकी १८ किलोची दोन खोकी ठेवून ताशी ५० किलोमीटरच्या धडकेसारखा हिसका दिला जातो. म्हणजे पाठ तपासली जाते ती दोन्ही खोकी मिळून ३६ किलोसाठी. एकटा फ्रीजच चाळीस किलोचा, आणि त्याशिवाय पाण्याचे डबे, शेगडी, हत्यारांची पेटी हे सामान निराळेच. 'आसनाची पाठ भक्कम असते' हे मुलाचे विधान त्याच्याच कागदावर अपुरे ठरले. दोराच्या चार वेढ्यांनी काम भागेल हे वडिलांचे मतही त्याच कागदावर टिकले नाही. वडिलांनी ते मान्य केले. "आमच्या ट्रकात मालापुढं माणूस बसत नव्हता, मध्ये लोखंडी फळी होती," ते म्हणाले. नेमका तोच मुद्दा होता.

मग काम सुरू झाले.

पहिला प्रश्न जागेचा. जड वस्तू जितकी खाली आणि मागच्या आसापासून जितकी कमी अंतरावर, तितकी ती कमी उसळते. गाडीच्या शेपटाकडचा भाग कच्च्या रस्त्यावर सर्वांत जास्त हेलकावतो. म्हणून फ्रीज शक्य तितका पुढे, जमिनीलगत ठेवण्याचे ठरले. पण पेटीचे झाकण वर उघडणारे. उंचीने कमी असलेल्या सूनबाईंचा हात मागच्या दारातून तेथवर पोचेना. त्यामुळे सरकपट्टी आवश्यक झाली. ती ओढली की फ्रीज मागच्या दाराबाहेर येतो. सरकपट्टीचे वजन अठरा किलो, आणि तिच्यामुळे आणखी एक सांधा वाढतो. सांधा वाढला की जोखीमही वाढते. म्हणून आत ढकलल्यावर आणि बाहेर ओढल्यावर, दोन्ही स्थितींत आपोआप अडकणारी कडी असलेलीच पट्टी निवडली. उतारावर उभ्या गाडीत बाहेर ओढलेला फ्रीज न अडकता सरकला, तर हाताची बोटे सापडतात.

दुसरा प्रश्न सरकपट्टी गाडीला कशी धरावी. काढलेल्या आसनांच्या जागी कारखान्यातून आलेली आट्यांची भोके होती. आसन आणि त्यावरचा माणूस पेलण्यासाठी केलेली जागा ही गाडीतली सर्वांत विश्वासू जागा. चारपैकी दोन बोल्ट तेथे बसले. उरलेल्या दोहोंसाठी गाडीच्या तळपत्र्याला भोक पाडणे भाग होते. मुलगा ड्रिल घेऊन बसला तेव्हा अण्णांनी त्याचा हात धरला आणि आधी गाडीखाली सरपटून पाहावयास लावले. एका नियोजित भोकाच्या बरोबर खाली इंधनाच्या टाकीची कड होती. जागा चार बोटे सरकवली. तळपत्र्याखाली इंधनाच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या आणि तारांच्या जुड्या जातात. वरून त्या दिसत नाहीत.

बोल्टच्या बाबतीत दोघांचाही एक समज दूर झाला. आठ मिलिमीटर जाडीचा, ८.८ प्रतीचा एक बोल्ट सरळ ओढीत सुमारे दोन टन जोर पेलतो. असे चार बोल्ट म्हणजे गरजेहून कितीतरी अधिक. मग धोका कोठे? धोका पत्र्यात. गाडीचा तळपत्रा पातळ असतो. जोराच्या हिसक्यात बोल्ट तुटत नाही, तो आपल्या लहानशा वायसरसकट पत्र्यातून उपटून येतो. म्हणून पत्र्याखाली प्रत्येक बोल्टला पाऊण वीत रुंदीची जाड पोलादी पाटी दिली, म्हणजे जोर एका टिंबावर न येता विस्तृत जागेवर पसरेल. भोकाच्या उघड्या कडांना गंजरोधक रंग लावला, धूळ-पाणी आत येऊ नये म्हणून लुकण भरले आणि वर नायलॉनची कडी असलेले नट बसवले, कारण साधे नट हादऱ्यांनी सुटतात.

तिसरी बांधणी फ्रीजची सरकपट्टीशी. येथे अण्णांचा हात चालला. फ्रीजवरून आडवा टाकलेला पट्टा त्याला फक्त खाली दाबतो. पुढे जाण्यापासून रोखतो तो केवळ घर्षणाने. खरे रोखावयाचे तर पट्टा उलट दिशेला ओढणारा हवा. म्हणून फ्रीजच्या पुढच्या टोकाच्या कड्यांपासून दोन्ही बाजूंनी मागे आणि मागच्या कड्यांपासून पुढे असे चार तिरपे पट्टे घेतले. पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीवर त्याची क्षमता छापलेली असते; प्रत्येक पट्टा ५०० किलोचा घेतला. पंचेचाळीस अंशांच्या तिरप्या पट्ट्याचा सरळ दिशेतला उपयोग सत्तर टक्केच होतो, म्हणजे ३५० किलो. पुढे जाण्याला विरोध करणारे दोन पट्टे मिळून ७००. गरज ६४०. पट्टे फ्रीज तयार करणाऱ्याने बांधणीसाठी दिलेल्या कड्यांनाच अडकवले, उचलण्याच्या प्लॅस्टिकच्या मुठींना नाही. जेथे पट्टा धारदार कडेवरून जातो तेथे रबराचा तुकडा घातला. आवळताना मात्र अण्णांनाच आवरावे लागले: पट्टा फार आवळला तर पेटीचा आकार किंचित बिघडतो, झाकणाचे रबर नीट बसत नाही आणि थंडावा निसटतो. पोत्याला आवळण्याची सीमा नसते, फ्रीजला असते.

६४० च्या गरजेला ७०० ची क्षमता कागदावर पुरते. पण ज्याने जन्मभर उधारीचा व्यवहार केला त्याला कागदावर पुरणाऱ्या तारणाची किंमत माहीत असते. "दुसरा जामीनदार कोण?" अण्णांनी विचारले. दुसरा जामीनदार म्हणून मधल्या आसनाच्या पाठीमागे छतापासून तळापर्यंत पोलादी जाळी बसवली. त्या देशात अशा जाळ्यांसाठी ४०३४ क्रमांकाचे मानक आहे. त्या मानकाची आणि त्याच गाडीसाठी तयार केलेली जाळी घेतली. खर्च वाढला. मुलाने हिशेब सांगितला तेव्हा आई म्हणाली, "पोरीच्या पाठीचं मोल कशानं करणार?" तो विषय तेथेच संपला.

चौथी गोष्ट वीज. फ्रीज घट्ट बसला आणि बंद पडला, तर उपयोग काय? सिगारेट पेटवण्याच्या खाचेतला प्लग हादऱ्याने निसटतो आणि तिची तार बारीक असते. पाच अँपिअरचा प्रवाह दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतून जाऊन-येऊन दहा मीटर वाहिला तर अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो, आणि बॅटरी वाचवण्यासाठी फ्रीज स्वतःला बंद करतो. सहा चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट सुमारे दीडदशांश व्होल्ट राहते. म्हणून जाड तार, बॅटरीलगत फ्यूज, फ्रीजसाठी वेगळी बॅटरी, आणि सरकपट्टी बाहेर येताना तार ताणली जाऊ नये म्हणून तिला मोकळा वळसा. कॉम्प्रेसरच्या जाळीपुढे हवेला वाट ठेवली. तेथे चादर कोंबावयाची नाही, असे नातीने स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवले.

औषधाचीही वेगळी तजवीज झाली. पेटीच्या भिंतीलगत आणि तळाशी गारवा सर्वांत तीव्र असतो. तेथे इन्शुलिन गोठू शकते. ते एका कापसाच्या अस्तराच्या डब्यात, वरच्या कप्प्यात, तापमापकासह ठेवले. अर्धा साठा स्वतंत्र थंड पिशवीत, पुढे, अण्णांच्या पायाशी. सर्व औषध एकाच पेटीवर सोपवणे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते.

सर्वांत शेवटी सूनबाईंनी एक युक्ती केली. प्रत्येक नट आवळल्यावर नट आणि बोल्ट यांवरून त्यांनी नखांना लावावयाच्या लाल रंगाची एक सरळ रेघ ओढली. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. कारखान्यांत हीच पद्धत रंगाच्या लेखणीने वापरतात.

जुलैत कुटुंब निघाले. डांबरी महामार्गावर त्रेपन्न मीटरपर्यंत लांबीचे, तीन-चार डब्यांचे मालट्रक समोरून येत. त्यांचा वारा गाडी हलवून जाई. पन्नास किलोमीटरवर पहिला थांबा घेऊन पट्टे तपासले, ते अर्धा टिचकी सैल झाले होते. डर्बीच्या पुढे कच्चा रस्ता लागला. अशा रस्त्यांवर चाकांच्या सततच्या मारामुळे आडव्या वळ्या पडतात, पन्हाळीच्या पत्र्यासारख्या. गाडी त्यांवरून जाताना सारे अंग थरथरते आणि हा थरथराट तासन् तास चालतो. तेथे चाकांतली हवा कमी करून वेग उतरवतात. रोज मुक्कामी पोचल्यावर नात दिवा घेऊन लाल रेघा तपासू लागली. दुसऱ्या संध्याकाळी तिने हाक मारली, "आजोबा, दोन रेघा तुटल्या!" कारखान्याच्या आट्यांत बसवलेले दोन बोल्ट किंचित फिरले होते, तेथे खाली नट नव्हता. पान्याने आवळले, आट्यांना चिकटवण्याचा द्रव लावला, नव्या रेघा ओढल्या. त्यानंतर एकही तुटली नाही.

सूर्यास्तापूर्वी जेवावयाचे म्हणून कुटुंब रोज साडेचारच्या आत मुक्काम गाठीत असे. कांगारू आणि मोकाट गुरे रस्त्यावर येतात ती प्रामुख्याने तिन्हीसांजेला आणि पहाटे. त्यामुळे घरचा नेम तेथे रस्त्याच्या नेमाशीही जुळला. तरी एकदा भरदुपारी, धुळीच्या लोटातून एक गाय अचानक पुढ्यात आली. मुलाने ब्रेक दाबला. गाडी खडीवर घसरत, गाईपासून चार हातांवर थांबली. मागे एक मोठा आवाज झाला.

फ्रीज जागचा हलला नव्हता. आवाज होता पाच लिटरच्या पाण्याच्या कॅनचा. सकाळी चहा झाल्यावर तो कोणीतरी परत न बांधता फ्रीजवर ठेवला होता. तो जाळीवर आदळून खाली पडला होता. जाळी नसती, तर तो आसनाच्या वरून थेट पुढे आला असता. नातीने मागे वळून जाळीला बोट लावून पाहिले आणि मग आजोबांकडे पाहिले. अण्णांनी गाडीतून उतरून कॅन उचलला, मुलाच्या हाती दिला आणि दोघांनी मिळून तो पट्ट्याखाली घेतला. कोणी कोणाला काही सुनावले नाही. चाळीस किलोंचा बंदोबस्त चोख होता. निसटले ते पाच किलो.

या घटनेत वाचकांनी ध्यानात घेण्याजोगे जे आहे ते परदेशाशी निगडित नाही. आपल्याकडेही आता मोठ्या गाड्या घरोघर आल्या आहेत, बारा व्होल्टवर चालणारे फ्रीजही मिळू लागले आहेत. यात्रेला, लग्नाला, दुकानाच्या मालासाठी आपली कुटुंबे रात्रंदिवस महामार्गावर असतात. डिकीत फराळाचे पत्र्याचे डबे, पाण्याचे कॅन, शेगडी, कधी गॅसची टाकी, कधी दुकानाचा नमुन्याचा माल. त्यांच्यापुढे हातभर अंतरावर मुलांची डोकी. आसनांचे पट्टे लावण्याची सवय आता लागत आहे. पण पट्टा लावलेल्या मुलाच्या मागे जर न बांधलेली शेगडी असेल, तर त्या पट्ट्याने मुलाला तिच्या वाटेतच धरून ठेवले आहे.

त्यासाठी मोठा खर्च लागतोच असे नाही. जड वस्तू खाली, आसनाच्या पाठीला टेकवून ठेवावी. बहुतेक गाड्यांच्या डिकीत तळाशी लोखंडी कड्या दिलेल्या असतात. अनेकांनी त्या गालिच्याखाली कधी पाहिलेल्याही नसतात. त्यांना क्षमता छापलेला, न लांबणारा पट्टा घालावा. लवचीक दोरी पिशव्यांसाठी ठेवावी. आसनाच्या पाठीच्या उंचीवर काही रचू नये. फ्रीजसारखी वस्तू कायमची बसवावयाची असेल, तर भोक पाडण्याआधी गाडीखाली पाहावे किंवा जाणत्या कारागिराकडून काम करून घ्यावे, आणि पत्र्याखाली पाटी द्यावयास लावावे. पन्नास किलोमीटरवर एकदा थांबून सर्व पुन्हा ओढून पाहावे.

आपल्या पेढ्यांवरून पूर्वी माल निघे तेव्हा हुंडेकऱ्याच्या पावतीवर सही होण्याआधी घरातला एक वडीलधारा ट्रकाभोवती फेरी मारी आणि प्रत्येक दोराला हात लावून पाही. ते काम ज्यांनी केले ते हात आज अनेक घरांत निवृत्त होऊन बसले आहेत, आणि आपला आता काय उपयोग असे त्यांना वाटत असते. मुलांनी त्यांना मागच्या दारापाशी बोलवावे. सांगलीच्या त्या अण्णांनी परत आल्यावर धाकट्या भावाच्या गाडीची डिकी उघडायला लावली आणि आतली गॅसची टाकी बांधून झाल्याखेरीज त्या कुटुंबाला कुंभोजच्या वाटेला लागू दिले नाही. निघायला पाऊण तास उशीर झाला, एवढेच.